भुरीच्या मानेवरचं औषध

मला सगळे मास्तर म्हणतात. मी आयुष्यात एक दिवसही शिकवलेलं नाही. उलट शाळेनेच माझ्यापुढे लवकर हात टेकले होते. पण प्राण्यांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसून मला अकरा वर्षं झाली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चार शब्द सुनावल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून हे नाव पडलं. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

काम तसं साधं. केसपेपर काढायचा, वजन करायचं, नंबर लावायचा, डॉक्टरांनी लिहिलेलं औषध फडताळातून काढून द्यायचं आणि फोन घ्यायचा. डॉक्टर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण त्या आत असल्या की बाहेर मीही आवाज बेतानेच चढवतो. दाराशेजारी एक फळा आहे. रोज सकाळी त्यावर मी एक सूचना लिहायचो. "चॉकलेट आणि मनुका कुत्र्याला देऊ नका, तो कितीही केविलवाणा चेहरा करून बघत असला तरी." "उन्हात फिरायला नेण्याआधी हाताची पालथी बाजू रस्त्याला लावून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसणार. त्याच्या पायात चपला नाहीत." "खिडकीला जाळी लावा. मांजर नेहमी चार पायांवरच पडतं, हे चौथ्या मजल्याला माहीत नसतं." लोक हसायचे, मोबाइलवर फोटो काढायचे. कुणी विचारलं, "डॉक्टरांनी लिहिलंय का हो हे?" की मी म्हणायचो, "नाही, नाही, हे आपलं असंच," आणि दिवसभर तरंगत राहायचो.

आमच्या मागच्या गल्लीत एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. पुढे दुकान, मागे घर. घरात त्या, कमी ऐकू येणारी त्यांची म्हातारी आत्या, ठोंब्या नावाचा एक गलेलठ्ठ कुत्रा आणि भुरी नावाची मांजर. या बाई दर दोन दिवसांनी फोन करायच्या. ठोंब्या आज दोनदाच शिंकला, चालेल का? भुरीने पाण्याच्या वाटीकडे पाठ केली, वाटी बदलू का? दोऱ्याचा तुकडा सापडत नाहीये, तिने गिळला असेल का? मी त्यांचं नाव "शंकाताई" ठेवलं होतं. फोन वाजला की रिसीव्हरवर हात ठेवून बाकावरच्या लोकांना हळूच सांगायचो, "शंकाताई," आणि सगळे हसायचे. हे नाव बाईंच्या कानावर गेलं असेल, असं मला कधी वाटलं नाही. म्हणजे, मी तसा विचारच केला नाही.

त्या शनिवारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. एका कुत्र्याने खुर्चीखाली कार्यक्रम उरकला होता, एक बोका टोपलीतून सगळ्यांना शिव्या देत होता. बेकरीवाल्या बाई आपलं पांढरं कुत्रं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि मी त्यांना नखं कशी कापायची ते समजावत होतो. नखाच्या आतली गुलाबी रेघ दिसते तिच्या अलीकडेच थांबायचं, नाहीतर रक्त येतं. चार-पाच माणसं कान देऊन ऐकत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"मास्तर, मी शिवणवाली बोलतेय. एक विचारायचं होतं."

"विचारा की. न विचारता तुम्ही कधी राहिलात?"

"ठोंब्याला गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध दिलं होतंत ना, त्यातली एक नळी उरलीय. भुरीला पिसवा झाल्यात. ती नळी तिला—"

"टाका, टाका. केस बाजूला करा, कातडीवर टाका, दोन दिवस आंघोळ नको."

"पण ते कुत्र्याचं आहे. मांजराला चालतं ना?"

"अहो बाई, पिसू ती पिसूच. तिला काय ठाऊक, आपण कुत्र्यावर बसलोय का मांजरावर!"

बाकावर हशा पिकला. बाई काहीतरी म्हणत होत्या, बहुतेक आभार मानत होत्या. मी फोन ठेवला आणि पुन्हा नखांकडे वळलो.

मी नीट ऐकलं नव्हतं, असं नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. ऐकलं होतं. आणि मला माहीत नव्हतं असंही नाही. त्या औषधाच्या खोक्यावर मांजराचं चित्र असतं आणि त्यावर मोठी लाल फुली असते. ती खोकी मी माझ्या हाताने फडताळात लावतो. पण बाईंना मी सुट्या नळ्या दिल्या होत्या. खोकं माझ्याकडेच राहिलं होतं. ती फुली त्यांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांच्याकडे विचारण्यासाठी एक मीच होतो, आणि त्यांनी विचारलं होतं.

संध्याकाळी साडेपाचला बाई धावत आल्या. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती, पायात दोन वेगवेगळ्या चपला. हातात उशीचा अभ्रा आणि त्यात भुरी. तिचं अंग राहून राहून उडत होतं, कान फडफडत होते, तोंडातून लाळ गळत होती. डोळे उघडे होते, पण ती कुठेच बघत नव्हती.

डॉक्टर स्वतःच बाहेर आल्या. "काय खाल्लं? काय लावलं?"

"मानेवर औषध टाकलं. ठोंब्याचं, गोचिडांचं."

"कधी?"

"दुपारी बाराला."

"कुत्र्याचं औषध मांजराला? कुणी सांगितलं तुम्हाला?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. जेमतेम एक श्वास घेण्याइतकंच. मग त्यांनी मान खाली घातली. "मीच टाकलं."

"अहो, एक फोन तरी करायचा! फोन कशासाठी ठेवलाय? मास्तर दिवसभर इथेच बसलेले असतात!"

इथे मी बोलायला हवं होतं. मी बोललोही. मी म्हणालो, "आम्ही रोज फळ्यावर लिहून लिहून दमलो, डॉक्टर. लोकांनी वाचायचंच नाही म्हटल्यावर काय करणार?"

हे शब्द माझ्याच तोंडून निघाले. ते इतके सराईतपणे निघाले की क्षणभर मलाही ते खरे वाटले. बेकरीवाल्या बाई कानाचं औषध न्यायला परत आल्या होत्या, त्यांनी "च् च्" केलं. बाकावर कुणीतरी म्हणालं, "बिचारं मुकं जनावर." अभ्रा छातीशी धरून बाई डॉक्टरांच्या मागे आत गेल्या.

डॉक्टरांनी मला हाक मारली. भुरीची मान धुवायची होती. "कोमट पाणी आणा, गरम नको. गरम पाण्याने औषध कातडीतून आणखी आत जातं. आणि भांड्यांचा साबण आणा, तेलकट थर निघाला पाहिजे." मी दोन्ही हातांनी भुरीला धरून उभा राहिलो, डॉक्टर चोळून चोळून धुऊ लागल्या, आणि बाईंनी तिचं डोकं तळहातावर तोलून धरलं. मांजराचं अंग किती हलकं असतं! माझ्या बोटांखाली ते शिवणयंत्रासारखं थडथडत होतं. बाई तिच्या कानाशी पुटपुटत होत्या, "झालं गं, झालं, झालंच आता." मग डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि तिला कोरडं करून टॉवेलात गुंडाळलं.

"दोन दिवस काही सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "वेळेवर आणलंत हे बरं झालं. पण पुन्हा असा परस्पर उद्योग करू नका."

"नाही करणार," बाई म्हणाल्या.

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. खोलीत आम्ही दोघंच उरलो, मध्ये पिंजरा.

"मास्तर, किती वाजले हो? आत्याची सातला गोळी असते."

"साडेसहा."

एवढंच बोलणं झालं. दुसरं कुणी ऐकायला नव्हतं, दार लोटलेलं होतं, आणि सांगायचं तर एकच वाक्य होतं. ते माझ्या जिभेवर आलं नाही असंही नाही. मी साबणाची बाटली उचलली आणि बाहेर आलो.

घरी ताटावर बसलो, पण नुसती भाजी चिवडत राहिलो. बायकोने विचारलं तेव्हा मी हकिकत सांगितली, म्हणजे मला हवी तशी सांगितली. एक बाई, कुत्र्याचं औषध, बेफिकिरी, बिचारं मांजर.

बायको म्हणाली, "त्याच का त्या, सारखा फोन करतात म्हणता? शंकाताई?"

"त्याच."

"मग या वेळी बरं नाही विचारलं तुम्हाला?"

मी ताट सरकवलं. "तुला काय कळतंय त्यातलं?" माझा आवाज इतका चढला की मीच दचकलो. तीस वर्षांच्या संसारात माझा आवाज कधी आणि का चढतो, हे तिला पाठ झालंय. ती उठली, माझ्या ताटावर झाकण ठेवलं आणि दुसऱ्या खोलीत निघून गेली.

रविवारी दवाखाना अर्धा दिवस असतो. मी गेलो तेव्हा डॉक्टरांचे डोळे तारवटलेले होते. त्या मधूनमधून येऊन भुरीला बघून जात होत्या. झटके कमी झाले होते, पण कातडी अजून थरथरत होती.

"आजची सूचना मी सांगते ती लिहा," डॉक्टर म्हणाल्या. "कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका. शंका असेल तर आधी फोन करून विचारा."

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. शेवटच्या शब्दाखाली मी सवयीने रेघही मारली.

खडू ठेवून वळलो तर बाई मागे उभ्या होत्या. हातात डबा होता, भुरीने काही खाल्लं तर म्हणून त्यात उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे आणले होते. त्या फळा वाचत होत्या. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. ओठ हलत होते त्यांचे. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डबा दुसऱ्या हातात घेतला आणि आत गेल्या.

मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं, ते मला तिथे समजलं. त्यांनी मला चार माणसांत फैलावर घेतलं असतं तर मी तोंड चालवलं असतं. तोंड चालवण्यात मला कोण हरवणार? पण त्यांनी माझं लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचलं होतं.

मी त्यांच्या मागोमाग आत गेलो.

"डॉक्टर, बाईंनी फोन केला होता."

डॉक्टर सलाईनची चाकी फिरवत होत्या. "कधी?"

"काल. औषध टाकायच्या आधी. मीच म्हटलं, टाका."

"मांजरासाठी आहे हे तुम्हाला कळलं नसेल."

डॉक्टरांनी मला पळवाट दिली होती. चांगली रुंद वाट होती ती. मी म्हणालो, "कळलं होतं. त्यांनी दोनदा विचारलं. मी थट्टा केली."

डॉक्टरांनी चाकीवरचा हात काढला. "आणि काल संध्याकाळी माझ्यासमोर तुम्ही त्यांनाच..." त्यांनी वाक्य तसंच सोडलं. मग बाईंकडे वळून म्हणाल्या, "माझं चुकलं. मी चौकशी न करता तुम्हाला बोलले."

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "हिने आत्ता कान हलवला. हे आपणहून हलवलं का झटका होता?"

डॉक्टर वाकून बघू लागल्या. मी तिथे उभा होतो आणि माझी कुणालाच गरज नव्हती. जाता जाता डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "मास्तर, फोन माझ्या टेबलावर आणून ठेवा. आणि फळा पुसा."

सोमवारी संध्याकाळी भुरीने डब्यातले तुकडे खाल्ले, पिंजऱ्यात उभी राहून अंग ताणलं आणि सगळ्यांवर गुरगुरली. बाई तिला घरी घेऊन गेल्या. मी केसपेपर दिला, त्यांनी घेतला. बाकावर लोक होते, आणि मी पुन्हा गप्प राहिलो.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या दुकानात गेलो. बाई मशीनवर होत्या. आत्या दाराजवळच्या खुर्चीत बसली होती आणि भुरी तिच्या मांडीवर झोपली होती, मानेवरचे केस कापल्यामुळे रुपयाएवढा गुलाबी डाग दिसत होता. ठोंब्याने मला हुंगलं आणि पुन्हा आडवा झाला.

"कोण गं?" आत्याने विचारलं.

"दवाखान्यातले मास्तर," बाई मशीन न थांबवता ओरडून म्हणाल्या.

"मास्तर? कुठल्या शाळेतले? पँट आखूड करायचीय का?"

मी बाईंजवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, "मी माफी मागायला आलोय."

"काय म्हणतो तो?" आत्या.

बाईंनी मशीन थांबवलं. "माफी मागायला आलेत, आत्या!"

"काय मागायला?"

"माफी! माफी!"

रस्त्यावरून जाणारे दोघं थबकून आत बघू लागले. कानाच्या पाळ्या तापतात म्हणतात ते अगदी खरं आहे. आत्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हाच का तो फोनवाला?" ती भाचीला म्हणाली, तिच्या मते हळूच. "मला वाटलं तरणाताठा असेल. याचे तर केस पिकलेत की."

मी बाईंना विचारलं, "त्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना का सांगितलं नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही सांगाल." त्यांनी सुई उचलून टाचण्यांच्या उशीत खोचली. "तुमच्याकडे बघितलं मी. तुम्ही फळ्याचं बोलायला लागलात. मग मी काय करायचं होतं? तुम्ही मास्तर, मी शंकाताई. खरं कुणाचं धरलं असतं? आणि भुरी हातात तडफडत होती. तेव्हा भांडत बसू का?"

शंकाताई! म्हणजे त्यांना माहीत होतं. किती दिवसांपासून ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "फार मोठी चूक झाली."

"ते मला ठाऊक आहे. मला सांगून काय उपयोग?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज कापला. "काल ब्रेड आणायला गेले तर रांगेतली बाई म्हणते, 'काय हो, मांजराला विष घातलंत म्हणे.' माझं गिऱ्हाईक आहे ती. तिच्या मुलीचे फ्रॉक मी शिवते. जिला तळहातावर वाढवलं तिला मी विष घातलं म्हणे! ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन सांगा, मास्तर. मला नका सांगू."

त्यांनी मशीन सुरू केलं. आत्या ओरडून विचारत होती, "मग पँटचं काय ठरलं?"

बेकरीत संध्याकाळी पाच वाजता गरम ब्रेड येतो, तेव्हा रांग रस्त्यापर्यंत जाते. कमी गर्दीत गेलो असतो तर चाललं असतं, असं माझं मन दुपारभर मला समजावत होतं. पण बाईंची मान खाली गेली होती ती भरल्या दवाखान्यात. मी पाचला गेलो आणि रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे सात माणसं होती. एकेक कमी होत होतं आणि मी मनात तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतो.

"काय देऊ, मास्तर?" बेकरीवाल्या बाईंनी विचारलं.

"काही नको. एक सांगायचंय. त्या शनिवारचं. शिवणवाल्या बाईंनी औषध स्वतःच्या मनाने टाकलं नव्हतं. त्यांनी मला फोन करून विचारलं होतं. तुमच्या कुत्र्याची नखं दाखवत होतो ना, तेव्हाचाच तो फोन. मीच टाका म्हणालो. मग सगळ्यांसमोर दोष त्यांच्यावर ढकलला."

कागदी पिशवी त्यांच्या हातात तशीच राहिली. "म्हणजे तो पिसू-पिसूचा जोक..."

"हो. तोच."

"अहो, मी हसले होते त्यावर!" त्यांचा चेहरा लाल झाला. "आणि आख्ख्या गल्लीला सांगत सुटले मी, बाई बेफिकीर आहे म्हणून. तुमच्यामुळे मी खोटी पडले, मास्तर!"

"म्हणूनच सांगायला आलो."

"तीन दिवसांनी?"

मागून कुणीतरी म्हणालं, "झालं असेल तर पुढे सरका." दुसरं कुणीतरी म्हणालं, "थांबा हो, ऐकू द्या." मी पुन्हा एकदा सांगितलं, मागच्यांनाही ऐकू जाईल असं. शंकाताई हे नाव मीच पाडलं होतं, हेही सांगितलं. मग रिकाम्या हाताने बाहेर आलो. रांगेतल्या लोकांनी मला वाट दिली, आपण भांडून आलेल्या माणसाला देतो तशी, अंग चोरून.

घरी बायकोला खरं काय ते सांगितलं. तिने ऐकून घेतलं. "मला त्याच दिवशी वाटलं होतं," ती म्हणाली, आणि भाजी निवडायला बसली. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

नोकरी गेली नाही. डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावून दोनच गोष्टी सांगितल्या. एक, औषध सुटं द्यायचं नाही, खोक्यासकट द्यायचं, आणि कुठल्या जनावराला आहे ते घेणाऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचं. दोन, सूचना यापुढे त्या लिहितील. मी मान हलवली. आता फोन आत वाजतो आणि डॉक्टर उचलतात. दाराआडून ऐकू येतं: "बोला. कुत्र्याला की मांजराला? हं. किती वजन आहे? नाही, घाई नाही, सांगा." असं मला अकरा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

शिवणवाल्या बाई अजून आमच्याच दवाखान्यात येतात. माझ्याशी त्या नीट बोलतात, जेवढ्यास तेवढं. भुरीच्या मानेवर केस परत आले आहेत. मी तिला वजनकाट्यावर ठेवतो तेव्हा ती माझ्या मनगटाला डोकं घासते. तिला कसलाच पत्ता नाही. मला मात्र तो हात मागे घ्यावासा वाटतो.

मागच्या आठवड्यात एक नवीन बाई कुत्र्याचं पिल्लू घेऊन बाकावर बसल्या होत्या, शेजारी शिवणवाल्या बाई होत्या. मी दोन हातांच्या अंतरावर बसलोय, हे बहुधा त्या नवीन बाईंना जाणवलं नसावं. त्या हळूच विचारत होत्या, "हे पुढे बसतात ते मास्तर कसे आहेत हो? काही विचारलं तर सांगतात का?"

शिवणवाल्या बाईंनी थोडा विचार केला.

"वजन नीट करतात," त्या म्हणाल्या.

मी पिल्लाला काट्यावर घेतलं. दोन किलो चारशे. तेवढं केसपेपरवर लिहिलं आणि पुढचा नंबर पुकारला.